अंदाजपत्रक आणि ताळेबंद : ना. गोखले यांच्या भाषणांचें आगाशीच्या दृष्टीनें परीक्षण

(१) कायदेमंडळांतील सभासदानें अंदाजपत्रकावर केलेलें भाषण हें इतिहासाचें साधन आहे काय, आणि असल्यास तें कोणत्या प्रतीचें, हा प्रश्न आमच्या संशोधकमंडळींत अद्यापि व्हावा तसा चर्चिला गेलेला नाहीं. सनद, महजर, करीना, शकावली, बखर यांची प्रतवारी कशी लावावी हें आतां बहुतेक ठरून गेलें आहे. बखरीपेक्षां समकालीन पत्र श्रेष्ठ, नकलेपेक्षां अस्सल श्रेष्ठ, आणि एका पक्षाच्या कैफियतीपेक्षां दोन्ही पक्षांसमक्ष झालेला महजर श्रेष्ठ, हें वाचकांस सांगावयास नको. परंतु इंग्रजी अमदानींत छापील कागदांचे जे ढीग निर्माण झाले, त्यांस हीच कसोटी लावावी असें फारसें कोणाच्या मनांत येत नाहीं. कागद छापील म्हणून बिनचूक, सरकारी म्हणून पूर्ण, आणि वक्ता थोर म्हणून निर्विवाद, अशा तीन समजुतींवर आपण निर्धास्त असतों. या तिन्ही समजुती पारखून पाहाव्या या हेतूनें आम्हीं ना. गोपाळ कृष्ण गोखले यांचीं अर्थविषयक भाषणें प्रस्तुत परीक्षणासाठीं निवडलीं आहेत. हीं भाषणें त्यांच्या हयातींतच पुस्तकरूपानें प्रसिद्ध झालीं. पुढें १९६२ पासून निघालेल्या तीन खंडांत पटवर्धन, आंबेकर प्रभृति संपादकांनीं तीं विषयवार लावून दिलीं. संहितेविषयीं वाद नाहीं. वाद आहे तो त्या संहितेवरून काय सिद्ध होतें आणि काय होत नाहीं, याविषयीं.

(२) भाषणें झालीं कलकत्त्यास. त्यांचा खरेपणा मात्र गांवांत ठरावयाचा. म्हणून एक गांव पुढें ठेवूनच हें परीक्षण करणें आम्हांस इष्ट वाटलें, आणि त्यासाठीं आम्हीं आगाशी घेतली आहे. गोखल्यांचा आगाशीशीं कांहीं विशेष संबंध होता असें आमचें म्हणणें नाहीं. उलट, विशेष संबंध नसलेला गांवच कसोटीस बरा. वसईच्या उत्तरेस सुमारें दहा मैलांवर असलेलें हें जुनें बंदर सोळाव्या शतकाच्या आरंभीं जहाजबांधणीसाठीं व व्यापारासाठीं प्रसिद्ध होतें, आणि १५३० व १५३१ असें दोनदां पोर्तुगीजांनीं तें लुटलें. १७३७ च्या मार्चांत अर्नाळा व १७३९ च्या मे महिन्यांत वसई मराठ्यांकडे आल्यावर हा मुलूख पेशव्यांच्या दप्तरांत शिरला. पेशवाईनंतर तो आधीं उत्तर कोंकण व मग ठाणें जिल्ह्यांत गेला; १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यांत आहे. भवानीशंकराचें देऊळ, मोतीशा शेटचें जैन मंदिर व राजेळी केळ्यांचीं सुकेळीं यांसाठीं बाहेरच्या लोकांस हा गांव ठाऊक आहे. आमच्या कामाची गोष्ट निराळी आहे. बागाईत जमीन, ताडमाडांचीं झाडें, मासेमारी, आणि तालुक्याच्या खाड्यांकांठचीं मिठागरें, एवढें सर्व या टापूंत एकत्र असल्यामुळें जमीनमहसूल, अबकारी, मीठ व लोकल फंड हीं सरकारी जमेचीं चारी कलमें येथील माणसाच्या कनवटीस हात घालीत. ज्या गांवांत सरकारी जमेचीं इतकीं कलमें भेटतात तो गांव अंदाजपत्रकाच्या परीक्षेस उत्तम होय.

(३) जुन्या पद्धतीची आठवण येथें अवश्य आहे. पेशवाईंत कमाविसदारास वर्षारंभीं हुजुरांतून बेहेडा मिळे. महालाचा ऐन जमा किती धरावा, सिवाय जमा किती यावी, शिबंदी, देवस्थानें, धर्मादाय व नेमणुका यांस काय लावावें, याचा तो अंदाज व हुकूम असे. वर्षअखेर कमाविसदार ताळेबंद घेऊन हुजूर येई व तेथें कलमवार तपासणी होऊन कांहीं खर्च मजुरा पडे, कांहीं नामंजूर होई. महालांत मुजुमदार, फडणीस इत्यादि दरकदार कमाविसदाराचे ताबेदार नसत. म्हणून एकाची लेखणी दुसऱ्याच्या लेखणीवर पहारा करी. खालीं गांवच्या पायरीस कुळकर्ण्याची झडती असे व तींत सादिलवार खर्चाचीं कलमें येत. या व्यवस्थेंत दोष नव्हते असें मुळींच नाहीं. 'अंतस्थ' या नांवाखालीं अधिकाऱ्यांस पोंचणाऱ्या रकमा इतक्या रुळल्या होत्या कीं, लांच हें हिशेबाचें एक कलमच होऊन बसलें होतें. तथापि या पद्धतीनें एक धडा घालून दिला: एकटा बेहेडा कांहींच सिद्ध करीत नाहीं. बेहेडा सांगतो तें व्हावयाचें. झालें काय तें ताळेबंद सांगतो. आणि ताळेबंदांत जें सांगावयाचें राहून गेलें तें झडतींत सांपडतें.

येथें दुसऱ्या टोंकाच्या एका चुकीविषयींही सावध राहिलें पाहिजे. बेहेडा म्हणजेच आमचें जुनें अंदाजपत्रक, अतएव आमच्याकडे अर्थसभा पूर्वापार होती, असा युक्तिवाद अभिमानाच्या भरांत केला जातो. तो ग्राह्य नाहीं. बेहेडा हा धन्याचा चाकरास हुकूम. त्यावर रयतेनें बोलावें अशी जागाच त्यांत नव्हती. रयतेचें म्हणणें येई तें अर्जानें, गोतसभेनें किंवा गांव सोडून जाण्यानें. अंदाजपत्रकावर रयतेच्या वतीनें कोणी उभें राहून बोलणें ही वस्तु नवी आहे, आणि तिचा इतिहासही नवाच लिहावा लागेल.

(४) ही नवी वस्तु एकदम हातीं आली नाहीं. १८६१ च्या कायद्यानें कौन्सिलांत हिंदी सभासद बसूं लागले, पण नवा कर बसवावयाचा असल्याखेरीज जमाखर्चावर बोलण्याची सोय नव्हती. १८९२ च्या कायद्यानें बोलण्याची मुभा दिली; मत देण्याची दिली नाहीं. १९०९ च्या कायद्यानें ठराव आणतां येऊं लागले. ते सरकारवर बंधनकारक नव्हते. प्रांतिक मागण्यांवर मत देण्याचा अधिकार १९१९ च्या कायद्यानें, तोही मर्यादितच, मिळाला. गोखले १८९९ सालीं मुंबईच्या कौन्सिलांत गेले व १९०२ पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे १९१५ पर्यंत, वरिष्ठ कौन्सिलांत होते. म्हणजे ज्या भाषणांची आम्ही आज परीक्षा करीत आहों तीं प्रथमतः अशा सभागृहांत झालीं कीं, तेथें वक्त्याच्या हातीं एक रुपया कमी करण्याची सत्ता नव्हती. ही गोष्ट ध्यानांत न ठेवतां भाषणें वाचणें म्हणजे अर्ज हुकूम म्हणून वाचणें होय. गोखल्यांचें भाषण हा अर्ज आहे. मात्र तो असा अर्ज आहे कीं, त्यांत अर्जदारानें धन्याच्याच वह्या धन्यासमोर उघडून ठेवल्या आहेत.

(५) २६ मार्च १९०२ चें भाषण याचा उत्तम मासला होय. त्या सालीं अर्थमंत्री सर एडवर्ड लॉ यांनीं सुमारें सात कोटि रुपयांची शिल्लक दाखविली होती. दुष्काळ व प्लेग यांनीं देश गांजलेला असतां खजिन्यांत शिल्लक पडते, याचा अर्थ देश सुखी आहे असा लावला जात होता. गोखल्यांनीं हा अर्थ नाकारला व शिल्लक आली कोठून याचा माग काढला. रुपया स्वस्त झाल्यामुळें विलायतेस पाठवावयाच्या रकमांसाठीं अधिक रुपये लागूं लागले, म्हणून कर वाढविले. पुढें रुपया पुन्हां चढला, तरी वाढविलेले कर तसेच राहिले. शिल्लक ती या राहून गेलेल्या करांची. वाचकांच्या सोयीसाठीं आम्ही याचें एक साधें गणित मांडतों. १८९४-९५ च्या सुमारास रुपयाचा भाव तेरा पेन्सांच्या आसपास होता. तेव्हां एक कोटि पौंड पाठविण्यास साडेअठरा कोटींच्या जवळपास रुपये लागत. सोळा पेन्स भाव झाल्यावर तेवढ्याच पौंडांस पंधरा कोटि पुरूं लागले. म्हणजे दर कोटि पौंडांमागें साडेतीन कोटींच्या घरांत रुपये कोणी न मिळवितां वांचले. अशी बचत रयतेच्या भरभराटीची खूण मानणें म्हणजे तराजूचें वजन बदलल्यावर माल वाढला असें म्हणण्यासारखें आहे.

हें विवेचन करतांना गोखल्यांनीं जी रीत वापरली ती आमच्या संग्राहकांच्या ओळखीची आहे. त्यांनीं एका सालाचें अंदाजपत्रक एकटें वाचलें नाहीं. मागील अनेक सालांचे अंदाज, सुधारलेले अंदाज व प्रत्यक्ष आंकडे शेजारीं शेजारीं मांडले. जेथें खातें बदललें तेथें तें लक्षांत घेतलें. आणि एकाच कागदांत लपलेला विरोध दुसऱ्या कागदानें उघडा केला. पाठभेद लावणें तें हेंच. आणि यांत ते एकटे नव्हते. सोलापुरास शिक्षक असलेले रा. ब. गणेश व्यंकटेश जोशी यांचें साहाय्य त्यांस या आंकडेमोडींत सतत होतें. (सार्वजनिक सभेचे संस्थापक गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, ते हे नव्हेत. दोघांच्या नांवांचीं आद्याक्षरें सारखीं असल्यामुळें दोघांच्या कागदांचा घोटाळा होण्याचा संभव असतो.) न्या. रानडे यांनीं १९०० सालीं पेशव्यांच्या रोजनिशांवर प्रस्तावनारूप निबंध लिहिला व त्याच रानड्यांच्या हाताखालीं गोखले अर्थशास्त्र शिकले, ही गोष्ट केवळ योगायोगाची नव्हे. जुनें दप्तर वाचण्याची व नवें अंदाजपत्रक वाचण्याची विद्या महाराष्ट्रांत एकाच शाळेंत शिकविली गेली. वाडांनीं काढलेले रोजनिशांतील उतारे व गोखल्यांचीं भाषणें हीं एकाच झाडाचीं दोन फळें म्हटलीं तरी चालतील.

(६) आतां आगाशीकडे वळूं. या भाषणांत ज्या करांवर गोखल्यांनीं विशेष भर दिला त्यांत मिठावरील कर हा आगाशीच्या प्रत्येक घरांतील चुलीशीं भिडणारा होता. १८८८ सालीं हा कर दर मणास दोन रुपयांवरून अडीच रुपये झाला. १९०३ सालीं तो पुन्हां दोन रुपये, १९०५ सालीं दीड रुपया व १९०७ सालीं एक रुपया झाला. छापील पुस्तकांवरून पाहतां हें गोखल्यांच्या पक्षाचें यश होय, आणि चरित्रकार तसें लिहितातही. परंतु येथें दोन शंका उपस्थित होतात.

पहिली कारणाची. भाषण आधीं झालें व कर मागाहून उतरला, एवढ्यावरून भाषणामुळेंच कर उतरला हें सिद्ध होत नाहीं. राष्ट्रीय सभेनें त्यापूर्वीं अनेक वेळां हीच मागणी केली होती, आणि शिल्लक सालोसाल वाढत चालल्यामुळें कर कायम ठेवणें सरकारासही अवघड होत होतें. गोखल्यांचें श्रेय हें कीं, शिल्लक म्हणजे वैभव हें सरकारचें उत्तर त्यांनीं निरुपयोगी करून टाकलें. तेवढें श्रेय पुष्कळ आहे. त्यांत भर घालण्याचें कारण नाहीं.

दुसरी शंका वजनाची, आणि ती आमच्या वाचकांच्या खास प्रांतांतील आहे. अडीच रुपये म्हणजे चाळीस आणे, आणि सरकारी मण चाळीस शेरांचा. म्हणजे शेरास बरोबर एक आणा कर पडे. हिशेब इतका सुटसुटीत आहे कीं, तो गांवासही तसाच लागू असे असें कोणीही समजेल. पण सरकारी मण ८२ पौंडांहून थोडा अधिक, आणि मुंबईचा मण २८ पौंडांचा. चाळीस शेर दोन्ही मणांत. शेर मात्र निराळे. मुंबईच्या शेरावर तोच कर चार पईंच्या आसपास येतो. १९०३ ची सूट सरकारी शेरामागें अडीच पईंच्या आंत होती; मुंबईच्या शेरामागें ती एका पईहून कमी. आतां जें घर एकेका पैशाचें मीठ विकत घेई, त्याच्या पदरांत पईहून कमी असलेली ही सूट पडली कीं दुकानदाराच्या मापांत जिरली, याचें उत्तर कलकत्त्याच्या कोणत्याही पुस्तकांत असणें शक्य नाहीं. तें वाण्याच्या खतावणींत असेल. एखाद्या बागाईतदाराच्या घरखर्चाच्या कीर्दींत असेल. मिठागरावरच्या मजुरीच्या वहींत असेल. मीठ पिकतें त्याच किनाऱ्यावरच्या माणसास मीठ महाग पडावें, या विपर्यासाचा पुरावा त्या किनाऱ्यावरच मिळावयाचा.

(७) यावरून गोखल्यांच्या पद्धतींतील उणीव उघड होते. ती त्यांच्या बुद्धीची नव्हे, त्यांच्या साधनांची होय. धन्याच्या वह्यांनीं धन्यास खोडून काढणें हें वादांत अमोघ अस्त्र खरें. पण त्या वह्यांत जें लिहिलेंच नव्हतें तें त्यांच्यावरून कसें कळावें? भाषणांत देश आहे, प्रांत आहे. गांव क्वचित् आहे. १८७८ च्या अबकारी कायद्यानंतर ताडमाड छेदणाऱ्यांवरील कराचा भार हा वसईच्या भंडारी वस्तीच्या जिव्हाळ्याचा विषय होता. राष्ट्राच्या जमाखर्चांत अबकारी हें एक वाढतें कलम म्हणून येतें. झाडावर चढणारा माणूस त्या कलमांत दिसत नाहीं.

निःपक्षपातानें हेंही नमूद केलें पाहिजे कीं, लोकांस विचारून लोकांच्या वतीनें बोलण्याची परंपरा गोखल्यांच्या मागें सिद्ध होती. १८७० सालीं पुण्यास सार्वजनिक सभा स्थापन झाली, तेव्हां सुमारें सहा हजार लोकांचे मुखत्यारनामे घेऊन ९५ सभासद निवडले गेले. प्रतिनिधि कोणाचा, या प्रश्नास सहीनिशीं उत्तर देणारा हा कागद आमच्या मतें कोणत्याही सनदेइतकाच मोलाचा आहे. याच सभेनें शेतकऱ्यांच्या स्थितीची चौकशी चालविली व तिच्या त्रैमासिकाचें संपादन पुढें गोखल्यांकडे आलें. १९०१ सालीं मुंबईच्या कौन्सिलांत जमीनमहसूल कायद्याच्या दुरुस्तीवर वाद झाला, तेव्हां सर फेरोजशहा मेथांसह गोखले सभात्याग करून गेले. सरकारजमा झालेली जमीन शेतकऱ्यास परत द्यावयाची ती विकण्याचा हक्क काढून घेऊन द्यावी, असा त्या दुरुस्तीचा रोख होता, आणि त्या वादांत गोखले शेतकऱ्याच्या बरेच जवळ आले होते. १९०५-०६ च्या अंदाजपत्रकांत जिल्हाबोर्डांस जमीनउपकराच्या चौथाईएवढें साहाय्य मिळालें, याचें त्यांनीं स्वागत केलें. हा उपकर म्हणजे आगाशीचा खातेदार सारा भरतांना रुपयास एक आणा लोकल फंड म्हणून देई तोच. रस्ता व शाळा या दोन वस्तूंच्या रूपानें तो गांवांत परत यावयाचा असे. आला कीं नाहीं, तें बोर्डाच्या कागदांत पाहावें.

शिक्षणाच्या बाबतींत तर गोखल्यांनीं गांवास जाहीरपणें साक्षीस बोलाविलें. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचें बिल त्यांनीं १६ मार्च १९११ रोजीं मांडलें. तें अभिप्रायासाठीं फिरलें व संस्थांचे अभिप्राय आले. मार्च १९१२ मध्यें ३८ विरुद्ध १३ मतांनीं तें फेटाळलें गेलें. इतिहासांत मतांचा आंकडा राहिला. अभिप्राय मात्र, म्हणजे देशभरच्या नगरपालिकांनीं व सभांनीं आपापल्या ठिकाणीं बसून काय म्हटलें तें, आम्ही वाचीत नाहीं. आमच्या मतें त्या बिलाचा खरा महजर तो आहे.

(८) कोणी म्हणेल, हा सर्व ऊहापोह आतां कशासाठीं? कौन्सिलें गेलीं, मीठकर गेला, रुपयाचे आणे गेले. यास आमचें उत्तर असें. अर्जाची जागा आतां हुकमानें घेतली आहे, म्हणून परीक्षेची गरज वाढली आहे. राज्यघटनेच्या २०२ व्या अनुच्छेदाप्रमाणें राज्याचें वार्षिक वित्तविवरण विधिमंडळापुढें येतें. २०३ व्याप्रमाणें खर्चाच्या मागण्यांवर विधानसभा मत देते. २०५ व्याप्रमाणें पुरवणी मागण्या येतात. आणि १५१ व्याप्रमाणें महालेखापरीक्षकाचा अहवाल राज्यपालांकडून विधिमंडळापुढें ठेवला जाऊन लोकलेखा समिति तो तपासते. जी सत्ता गोखल्यांस नव्हती ती आज आगाशीच्या मतांवर निवडून जाणाऱ्या आमदारास आहे. अमुक रस्त्यास तरतूद केली, अमुक बंधाऱ्यास निधि आणला, असें तो लोकांस सांगतो. सांगणें त्याचें कर्तव्यच आहे. पण तरतूद हा बेहेडा आहे. मतदारांपुढें वाचला जातो तो बहुधा बेहेडाच. ताळेबंद दोन सालांनीं निघतो, तोंवर सभा उठून गेलेली असते. यांत कोणा एका व्यक्तीचा वा पक्षाचा दोष नाहीं. ज्या कागदानें वचन दिलें जातें तो कागद वेगळा, व ज्यानें फेड दिसते तो वेगळा, हा दोष वाचण्याच्या संवयीचा आहे.

आणि झडतीची अवस्था त्याहून कठीण आहे. ३ जुलै २००९ रोजीं चार नगरपरिषदा व भोंवतालचे गांव मिळून वसई-विरार शहर महानगरपालिका झाली व आगाशी तिच्या हद्दींत आली. कांहीं गांव या हद्दींतून वगळावे कीं नाहीं, हा वाद २०११ पासून शासनांत व न्यायालयांत पुष्कळ काळ चालला. त्या वादांत आम्ही पडत नाहीं. आमची चिंता कागदांची आहे. राज्य बदललें कीं दप्तर हलतें, आणि हललेलें दप्तर निम्मेंच पोंचतें, हा आमच्या शास्त्राचा जुना अनुभव आहे. ग्रामपंचायतीचीं इतिवृत्तें, कराच्या पावत्या, शाळेच्या इमारतीचीं बिलें, बोर्डाचे पत्रव्यवहार, यांस अद्यापि जुनेपणाचें तेज चढलेलें नाहीं. म्हणून तीं वाळवीच्या व रद्दीच्या तोंडीं आधीं जातात. पेशवाईचा फाटका कागद आपण पदराचे पैसे देऊन घेतों. १९५५ सालची ग्रामपंचायतीची कीर्द कोणी फुकट दिली तरी ठेवावयास जागा नाहीं म्हणतों. पुढच्या शतकांतील संशोधक या निवडीबद्दल आम्हांस दोष देतील, आणि तो योग्यच ठरेल.

(९) म्हणून संग्राहकांस आमची सूचना अशी कीं, आगाशीसारख्या एका गांवाचें एक साल घ्यावें आणि त्या सालाचे चार कागद एकत्र करावे: सभागृहांत झालेलें भाषण, त्या सालाचें अंदाजपत्रक, प्रत्यक्ष जमाखर्च, आणि गांवांत राहिलेली कोणतीही वही. एकत्र करतांना सालाची जुळणी आधीं करावी. नाहींतर सर्व श्रम व्यर्थ. वसई पडली ती सन तिसा सलासीन मया व अलफच्या अगदीं अखेरीस. महिन्याभरांत मृग लागून सन अर्बैन सुरू झाला. म्हणून १७३९ एवढाच आंकडा धरून कागद लावणारा दोन सालांची जमा एकींत मिसळील. तसेंच इंग्रजी अमदानींत १८६७ पासून हिशेबी साल एप्रिलपासून धरूं लागले, पण मुंबई इलाख्याचें महसुली साल ऑगस्टापासून चाले. वजनाची जुळणी दुसरी. ती मिठाच्या उदाहरणांत दाखविलीच आहे. तिसरी जुळणी नांवांची, कारण एकच खर्च तीन वह्यांत तीन नांवांनीं येतो.

या चार कागदांपैकीं गोखल्यांपाशीं तीन होते, आणि त्या तिहींचा उपयोग त्यांच्याइतका प्रामाणिकपणें व कसोशीनें करणारा दुसरा सभासद त्यांच्या पिढींत आम्हांस दिसत नाहीं. त्यांचीं भाषणें प्रथम प्रतीचें साधन होत, असा आमचा निर्णय आहे. मात्र कशाचें साधन, तें स्पष्ट सांगितलें पाहिजे. सरकारच्या जमाखर्चाचें तीं साधन आहेत. रयतेच्या जमाखर्चाचें नव्हेत. चौथा कागद गोखल्यांस मिळाला नाहीं. तो आगाशींत एखाद्या माळ्यावर, एखाद्या देवळाच्या पेटींत अथवा एखाद्या दुकानाच्या मागच्या खोलींत अजून असण्याचा संभव आहे, आणि तो शोधण्याचें काम कलकत्त्याचें नव्हतें, मुंबईचेंही नव्हे. तें आमचें आहे.